विश्लेषण : महाराजा यशवंतराव होळकरांच्या मोटारीत इंजिन ऑइलचा दिवा कशासाठी होता?

इंदूरचे अखेरचे सत्ताधारी महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ताफ्यात १९३६ मध्ये अमेरिकन बनावटीची एक ड्युसेनबर्ग मोटार दाखल झाली. त्या काळातील जगातल्या सर्वांत ताकदवान मोटारींपैकी ती एक होती. इंजिन ऑइल बदलण्याची वेळ झाली की या गाडीच्या डॅशबोर्डवर दिवा लागत असे. आज इंजिनावर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक मोटारीत ऑइलचा दिवा असतो. तरीही ऑइलअभावी इंजिन जाम होण्याचे प्रकार थांबलेले नाहीत, कारण दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेच अनेकांना ठाऊक नसते. होळकरांचे आयुष्य, त्यांची मोटार आणि ऑइल तपासण्याची योग्य पद्धत यांचा हा आढावा.

यशवंतराव होळकर (दुसरे) कोण होते?

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूरला झाला. होळकर घराणे मूळचे महाराष्ट्रातले. मंचरहून पुणे-नाशिक महामार्गाने खेडकडे निघाले की आतल्या बाजूला वाफगाव लागते. तेथील होळकरांच्या भुईकोटात १७७६ मध्ये पहिल्या यशवंतरावांचा जन्म झाल्याचे मानले जाते. इंग्रजांशी झुंज घेणाऱ्या या यशवंतरावांनी भानपुरा येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता आणि १८११ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच घराण्यात सुमारे सव्वाशे वर्षांनंतर त्यांचेच नाव धारण करणारा राजपुत्र जन्माला आला.

दुसऱ्या यशवंतरावांचे शिक्षण इंग्लंडमध्ये चीम, चार्टरहाउस आणि पुढे ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात झाले. १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा दोघेही अगदी लहान वयाचे होते.

गादी इतक्या लवकर कशी मिळाली?

यालाही एक मोटारच निमित्त झाली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला आणि त्यात बावला मारला गेला. त्याच्यासोबत मुमताज बेगम होती. ती पूर्वी इंदूर दरबारात होती. हल्लेखोरांचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले आणि हे प्रकरण देशभर गाजले. चौकशीला सामोरे जायचे की गादी सोडायची, असा पेच यशवंतरावांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी गादी सोडली.

यशवंतराव तेव्हा १७ वर्षांचे होते. सुरुवातीची काही वर्षे राज्यकारभार मंडळाने पाहिला आणि त्या काळात त्यांचे ऑक्सफर्डमधील शिक्षण पार पडले. मे १९३० मध्ये संपूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले.

मोटारींचे आकर्षण कुठून आले?

यशवंतरावांना नव्या काळाची ओढ होती. ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराशी ओळख झाली. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियस यांनी इंदूरला त्यांच्यासाठी माणिकबाग हा राजवाडा उभारला. जुन्या राजवाड्यांतील कोरीव खांब आणि झुंबरे तेथे नव्हती. त्याऐवजी साध्या रेषा, धातू, काच आणि वातानुकूलन होते. शिल्पकार ब्रांकुसी यांची शिल्पे त्यांनी घेतली आणि इंदूरला ध्यानमंदिर बांधण्यासाठी त्यांना बोलावले. ते मंदिर मात्र उभे राहिले नाही. चित्रकार बुते द मॉनवेल यांनी त्यांचे एक चित्र पाश्चात्त्य पोशाखात आणि दुसरे मराठी राजपोशाखात काढले. ही दोन्ही चित्रे आजही कलाजगतात प्रसिद्ध आहेत.

इंदूरचे मराठीपणही याच काळात टिकून होते. १९३५ मध्ये तेथे मराठी साहित्य संमेलन भरले. पुढे सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. महाराजांच्या मोटारींची निवडही माणिकबागेला शोभेल अशीच होती. यंत्र उत्तम हवे आणि त्यावरचा साज बेताचा हवा, ही त्यांची आवड होती.

ड्युसेनबर्ग ही मोटार एवढी खास का होती?

फ्रेड आणि ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबातले भाऊ होते. शर्यतीच्या गाड्या बनवून ते नावारूपाला आले. त्यांच्या गाडीने १९२१ मध्ये फ्रेंच ग्रां प्री जिंकली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत तर त्यांच्या गाड्यांनी तीन वेळा जिंकली. डिसेंबर १९२८ मध्ये त्यांचे जे हे मॉडेल न्यूयॉर्कला सादर झाले. त्यात सुमारे ६.९ लिटरचे, एका रांगेत आठ सिलिंडर असलेले इंजिन होते. कंपनीने त्याची ताकद २६५ अश्वशक्ती सांगितली. पुढे सुपरचार्जर बसवलेले मॉडेल आले आणि हा आकडा ३२० वर गेला. बहुतेक मोटारी तेव्हा १०० अश्वशक्तीच्याही आत होत्या.

कंपनी इंजिनासह सांगाडा पुरवीत असे. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. होळकरांची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने बांधली. लांबलचक बॉनेट, मागे निमुळता होत गेलेला आकार, उजव्या हाताचे स्टिअरिंग आणि काळा-केशरी रंग असे तिचे रूप होते. मागे बसून मिरवण्यापेक्षा मालकाने स्वतः चालवावी अशी तिची रचना होती.

ऑइलचा तो दिवा कसा काम करीत होता?

ड्युसेनबर्गच्या इंजिनाला दंतचक्रांची एक पेटी जोडलेली होती. गाडी किती चालली याचा हिशेब ही पेटी ठेवत असे. ठरावीक अंतर झाले की सांगाड्याच्या सांध्यांना आपोआप वंगण पोहोचे आणि तसे सांगणारा दिवा लागे. ७०० मैल, म्हणजे सुमारे ११०० किलोमीटर झाले की इंजिन ऑइल बदलण्याचा दिवा लागे. १४०० मैलांनंतर बॅटरीतले पाणी पाहण्याची आठवण होई. संगणक नसलेल्या काळात हे सारे केवळ दातांच्या चाकांवर चालत होते.

एवढ्या लवकर ऑइल का बदलावे लागे? त्या काळच्या ऑइलमध्ये काजळी आणि मळ धरून ठेवणारी रसायने नव्हती. गाळण्याची सोय तोकडी होती. रस्ते कच्चे होते आणि हवेतली धूळ इंजिनात जाई. थोड्याच दिवसांत ऑइल काळे पडे आणि तळाशी गाळ साचे. आजच्या सिंथेटिक ऑइलला अनेक गाड्यांत १० ते १५ हजार किलोमीटरची मुदत असते.

संस्थानांच्या मोटरखान्यांत गाड्या राखायला माणसे असत. ऑइल पाहणे, पाणी भरणे ही त्यांची कामे. मोटारीच्या बॉनेटखाली काय चालले आहे हे मालकाला कळण्याचे कारणच नव्हते. ड्युसेनबर्गने मात्र ही आठवण थेट स्टिअरिंगवर बसलेल्याच्या नजरेसमोर आणली. पण एक गोष्ट हा दिवा सांगू शकत नव्हता. तो फक्त मैल मोजत होता. इंजिनात ऑइल किती उरले आहे, हे पाहायला माणूसच लागत होता.

या गाडीसाठी ऑइल इतके महत्त्वाचे का ठरले?

कारण गाडी आली आणि तिचा कारखाना बंद पडला. फ्रेड ड्युसेनबर्ग यांचे १९३२ मध्ये मोटार अपघातातील दुखापतीनंतर निधन झाले होते. मंदीच्या काळात एवढ्या महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेना आणि १९३७ मध्ये उत्पादन थांबले. जे मालिकेच्या सर्व मिळून सुमारे ४८० गाड्याच तयार झाल्या होत्या. होळकरांची गाडी अखेरच्या काही गाड्यांपैकी एक होती.

त्यानंतर इंदूरमध्ये या इंजिनाचे बेअरिंग गेले असते, तर नवे पाठवायला ड्युसेनबर्गचा कारखाना उरला नव्हता. फिरणारा क्रँक आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो. तो आहे तोवर धातूला धातू घासत नाही. तो तुटला की काही क्षणांत उष्णता वाढते, धातू वितळून चिकटतो आणि इंजिन जाम होते. ऑइल इंजिन थंडही ठेवते आणि झिजेचे कण वाहून नेते. इंजिन जितके ताकदवान, तितका या पातळ थरावरचा भार मोठा. ३२० अश्वशक्तीचे इंजिन, मध्य भारतातला उन्हाळा आणि सुटे भाग नाहीत, अशा स्थितीत लिटरभर ऑइलची किंमत गाडीइतकी होती.

आजच्या गाडीतला लाल दिवा नेमके काय सांगतो?

येथेच बहुतेकांची गफलत होते. ऑइलच्या किटलीचे चित्र असलेला लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, तर दाब दाखवतो. तो गाडी चालू असताना लागला, म्हणजे इंजिनाच्या भागांपर्यंत ऑइल पुरेशा जोराने पोहोचत नाही. अशा वेळी पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, असे म्हणणे महागात पडते. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. ऑइल पाहावे. ते पुरेसे असूनही दिवा जात नसेल, तर गाडी टो करून न्यावी.

पिवळा दिवा असलेल्या गाड्यांत तो बहुधा पातळी कमी झाल्याची सूचना देतो. त्यात थोडी सवड मिळते. सर्व्हिसची आठवण देणारा संदेश हा ड्युसेनबर्गच्या दिव्याचा वारस. तो मुख्यतः अंतर आणि दिवस मोजतो. म्हणजे दाब, पातळी आणि मुदत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हिस आठ दिवसांपूर्वी झाली असली, तरी ऑइल कमी असू शकते.

ताकदवान इंजिन जास्त ऑइल का खाते?

टर्बो बसवलेले, वेगाने फिरणारे इंजिन थोडे ऑइल जाळतेच. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्यालाही हेच ऑइल लागते. पिस्टनच्या रिंगांजवळून काही ऑइल वर जाऊन जळते. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप सामान्य मानलेला असतो. म्हणून अशा गाडीचे ऑइल दर हजार किलोमीटरला आणि लांबच्या प्रवासाआधी पाहावे. मंचरहून घोडेगाव, डिंभेमार्गे भीमाशंकरला चढायचे असेल, तर निघण्यापूर्वी पाहिलेले बरे. घाटातल्या चढाला आणि वळणांना चेंबरमधले ऑइल एका बाजूला झुकते. ते आधीच कमी असेल, तर पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा येते.

ऑइल कसे तपासावे आणि किती टाकावे?

सर्वप्रथम गाडीची पुस्तिका पाहावी, कारण पद्धत गाडीनुसार बदलते. सर्वसाधारण गाडीत ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठते. ती सपाट जागी उभी करावी. इंजिन गरम करून बंद करावे आणि ऑइल खाली उतरायला पाच-दहा मिनिटे द्यावीत. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पट्टी बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरची खूण धरू नये. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवे. अनेक गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर साधारण एक लिटरचे असते.

कमी असेल तर एकदम लिटर ओतू नये. पाव लिटर टाकावे, काही मिनिटे थांबावे आणि पुन्हा पाहावे. वरच्या खुणेच्या थोडे खाली थांबलेले चांगले. जास्त ऑइलही घातक असते. फिरणारा क्रँक ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. सील गळू लागतात. धुरावाटे ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत गेले तर तोही खराब होतो. भरून झाल्यावर झाकण घट्ट लावावे आणि पट्टी पूर्ण आत बसवावी.

शर्यतीच्या धर्तीवरच्या गाड्यांत पद्धत वेगळी का असते?

काही गाड्यांत इंजिनाखाली ऑइल साठवतच नाहीत. ते स्वतंत्र टाकीत असते आणि पंप ते सतत खेचून टाकीत परत नेतो. याला ड्राय संप म्हणतात. यामुळे इंजिन खाली बसवता येते आणि तीव्र वळणावरही पंपाला ऑइल मिळत राहते. पोर्शे ९११ च्या जुन्या एअर-कूल्ड गाड्यांत ही पद्धत होती. अशा गाडीचे इंजिन बंद असले की टाकीतले ऑइल हळूहळू इंजिनात उतरते. त्या वेळी पट्टी काढली तर ऑइल कमी दिसते आणि माणूस विनाकारण भर घालतो. म्हणून त्या गाड्यांत इंजिन पूर्ण गरम करून, सपाट जागी, चालू ठेवूनच पातळी पाहतात. साध्या गाडीच्या नेमकी उलट ही रीत आहे.

अलीकडच्या अनेक महागड्या गाड्यांत पट्टीच नसते. पडद्यावरच्या मेन्यूतून पातळी मोजावी लागते. त्यासाठीही गाडी सपाट आणि ऑइल गरम असावे लागते, नाहीतर यंत्रणा आकडा दाखवत नाही किंवा चुकीचा दाखवते.

कोणते ऑइल टाकावे?

डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते दाखवतो. हा आकडा लहान, तितके सकाळी सुरू करताना ऑइल लवकर वर पोहोचते. नंतरचा आकडा गरम इंजिनात ऑइल किती दाट राहते ते सांगतो. दाट ऑइल म्हणजे चांगले ऑइल, हा समज चुकीचा आहे. इंजिनातल्या फटी ज्या ऑइलसाठी ठरवल्या आहेत, तेच लागते. ग्रेडसोबत कंपनीने मान्य केलेला मानक क्रमांकही जुळायला हवा. महामार्गावरच्या दुकानात नेमके तेच ऑइल मिळेलच असे नाही. त्यामुळे अशा गाडीच्या डिकीत योग्य ऑइलचा एक लिटरचा सीलबंद डबा आणि स्वच्छ फडके ठेवणे हा साधा उपाय आहे.

यशवंतरावांचे पुढे काय झाले?

ड्युसेनबर्ग आल्यानंतर वर्षभरातच, १९३७ च्या जुलैमध्ये, संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये तरुण वयात निधन झाले. यशवंतरावांनी नंतर दोन विवाह केले. दोन्ही पत्नी अमेरिकन होत्या आणि त्यांचा बराच काळ परदेशात जाऊ लागला. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थीची विनंती केली. एका संस्थानिकाने असे करणे ब्रिटिश सरकारला रुचणारे नव्हते.

१९४७ मध्ये भारतात सामील होण्याचा निर्णय मात्र त्यांनी अगदी शेवटच्या घटकेपर्यंत लांबवला. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झाले. यशवंतराव त्याचे उपराजप्रमुख झाले आणि १९५६ मध्ये मध्य भारतच मध्य प्रदेशात गेल्यावर हे पदही संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या उषाराजे त्यांच्या वारस ठरल्या. माणिकबागेत पुढे केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय आले आणि तेथील फर्निचरचा १९८० मध्ये मोनॅकोत लिलाव झाला.

राज्य गेले, राजवाड्यातले सामान विखुरले, कारखाना तर आधीच बंद पडला होता. ड्युसेनबर्ग मात्र राहिली. पुढे ती पुन्हा अमेरिकेत गेली आणि आज जुन्या मोटारींच्या जगात तिचे नाव आदराने घेतले जाते. सुटे भाग मिळण्याची सोय नसतानाही ती शिल्लक राहिली, यात मोटरखान्यापासून संग्राहकांपर्यंत तिची निगा राखणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.  दिवा लागायचा तेव्हा लागत असे. त्याआधी कोणीतरी बॉनेट उघडून, पट्टी पुसून, ऑइल पाहत होते. आजच्या गाडीलाही तेच लागते आणि त्याला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.